माझ्या हातात बंद न पडणारी गाडी

आमच्या घरातली जुनी मोटरसायकल माझ्या हातात कधीच बंद पडत नसे. हे वाक्य मी दीड वर्ष इतक्या ठिकाणी आणि इतक्या ऐटीत म्हटलं आहे, की आज लिहिताना त्यातली थोडी ऐट शिल्लक दिसली तर माफ करावं. ती बंद पडायची फक्त आबांच्या हातात. आबा म्हणजे माझे वडील. वय पंचाहत्तरच्या पुढं, शाळेच्या दाखल्यावर दोन वर्षं कमी.

आमची वस्ती अंथुर्ण्याच्या बाहेर, कॅनॉलच्या अंगाला. मी इंदापूरच्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवतो आणि बटण दाबलं की सुरू होणाऱ्या माझ्या नव्या गाडीवरून जातो-येतो. आबांची गाडी मी दहावीला असताना घेतलेली, किकची, शंभर सीसीची. टाकीचा रंग मूळचा लाल होता असं आई सांगते. त्या गाडीवर आबा सकाळी डेअरीला दूध घालायचे, तिथून टपरीवर चहा, मग विहिरीवरची मोटर चालू करायची, मग सोसायटीत किंवा पारावर जाऊन देशाचा कारभार बघायचा. महिन्यातून दोनदा बारामतीला बाजारला. वस्तीपासून टपरी अडीच किलोमीटर आहे. आबांच्या गुडघ्यांना ते अंतर कळून चुकलं होतं. म्हणजे गाडी होती तोवर आबा गावातले होते, आणि गाडी नसती तर ते फक्त वस्तीवरचे म्हातारे झाले असते. हे मला तेव्हा कळत नव्हतं असं नाही. पण कळलेलं सगळं माणूस वापरतोच असं नाही, मास्तर तर नाहीच.

गाडीचा आजार सुरू झाला तो उसाच्या सीझनमध्ये. आबा डेअरीवरून तासभर उशिरा आले आणि म्हणाले, "गाडी बंद पडली व्हती."

"मग?"

"मग काय, झाली चालू."

आबांना काही विचारलं की ते मुळापासून सांगायला घेतात. त्या दिवशीही त्यांनी आधी पुढच्या ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या होत्या का तीन इथून सुरुवात केली, ट्रॅक्टर कुणाचा, त्याच्या चुलत्याचं लग्न कुठं झालं होतं, हे सगळं आलं. मी घड्याळ बघत होतो. शेवटी ते मुद्द्यावर आले: "चालता चालता एकदम गप. धक्का न्हाय, आचका न्हाय. कुनीतरी चावी फिरवावी तशी. आन ते हिरवा दिवा असतो का, त्योबी जातो."

मी म्हणालो, "आबा, पेट्रोलचा कॉक उघडला होता का?"

आबांनी माझ्याकडं बघितलं. "पंचवीस वर्सं गाडी चालवतोय मी," ते म्हणाले आणि किटली धुवायला आईकडं दिली.

हिरवा दिवा म्हणजे गाडी न्यूट्रलमध्ये असली की लागणारा. इंजिन बंद पडल्यावर न्यूट्रलला आणली तरी तो दिवा लागत नाही, याचा अर्थ पेट्रोलचा काही संबंध नाही, करंटच कुठंतरी तुटतोय. आठवीच्या मुलाला सांगितलं तर तो सांगेल. मी आठवीच्या मुलांना शिकवतो. पण आबांचं बोलणं मी ट्रॉलीपासूनच ऐकायचं बंद केलं होतं, त्यामुळं दिव्यापर्यंत मी पोचलोच नाही.

मग गाडी आठवड्यातून एकदा बंद पडायला लागली. कधी दोनदा. कधी पंधरा दिवस काहीच नाही, आणि सगळे निवांत झाले की पुन्हा. ऐन रस्त्यात बंद पडायची, किका मारून आबांची पिंढरी भरून यायची, मग ते चावी काढून बाभळीखाली बसायचे, तंबाखू मळायचे, आणि दहा-पंधरा मिनिटांनी उठून किक मारली की पहिल्या किकेत सुरू. म्हणजे मदतीला कोणी पोचेपर्यंत गाडी ठणठणीत. आबा खोटं बोलतात असं कोणी म्हणालं नाही. फक्त ऐकून घेताना सगळ्यांच्या चेहऱ्यावर एक समजूतदारपणा यायला लागला, तो खोटं म्हणण्यापेक्षा वाईट.

टपरीवर मात्र निदानाला तोटा नव्हता. आमच्याकडं उसाला पाणी किती द्यावं यावर एकमत होणार नाही, पण दुसऱ्याच्या गाडीला काय झालंय हे प्रत्येकाला माहीत असतं. एकाचं म्हणणं होतं, पेट्रोलमध्ये इथेनॉल घालतात त्याचा हा परिणाम. "आपलाच ऊस कारखान्याला घालायचा, आन त्योच फिरून आपल्याच गाडीच्या नरड्यात," असं तो म्हणाला आणि सगळ्यांना ते इतकं पटलं की आठ दिवस गाडीचा विषय मागं पडून साखरेच्या धोरणावर चर्चा चालली. दुसऱ्यानं सांगितलं, टाकीत पाणी जातंय. तिसऱ्याच्या मते गाडीला नजर लागली होती. त्या गाडीला बघून कुणाला हेवा वाटेल हे मला कळेना, पण आईनं हेडलाइटखाली लिंबू-मिरची बांधली. चौथा काही बोललाच नाही, नुसता आबांकडं बघून हसला. त्याचं निदान सगळ्यात लवकर पसरलं.

आता मी या प्रकरणात लक्ष घातलं. म्हणजे गाडी मिस्त्रीकडं न्यायची ती मीच नेणार, असं जाहीर केलं. आबांना नेलं असतं तर ते मिस्त्रीलाही ट्रॉलीपासून सांगत बसले असते.

इथं आबांच्या जुडग्याबद्दल सांगायला पाहिजे. गाडीची चावी ही आबांच्या किल्ल्यांच्या जुडग्यातली एक. त्या जुडग्यात मोटरीच्या खोलीची किल्ली, स्टार्टरच्या पेटीची किल्ली, गोठ्यामागच्या खोलीची, कपाटाची, गेटची, आणि तीन किल्ल्या अशा की ज्यांची कुलपं घरात कोणी पाहिलेली नाहीत. शिवाय एक छोटा पाना, नखं काढायचं यंत्र आणि मेलेल्या बैलाच्या गळ्यातली पितळी घंटी. खिशात घातला की आबांचा सदरा एका बाजूला झुकायचा. गाडीवर बसले की तो सगळा ऐवज चावीच्या भोकाला लोंबत असायचा आणि खड्ड्यात वाजायचा. आबा येतायत हे आईला त्या घंटीवरून कळायचं.

हा जुडगा परक्याच्या हातात जाणं आमच्या घरात बसत नव्हतं. घराच्या किल्ल्या मिस्त्रीच्या टेबलावर कशा ठेवणार? त्यामुळं गाडी दुरुस्तीला न्यायची म्हटलं की आबा ओट्यावर बसायचे, नखानं कडी फाकवायचे आणि गाडीची चावी तेवढी सोडवून माझ्या हातावर ठेवायचे. परत आल्यावर पुन्हा ओवून ठेवायचे. त्यांच्या आधी आजोबाही किल्ल्या अशाच सांभाळायचे. शिस्तच होती ती.

पहिला मिस्त्री इंदापूरचा. त्यानं गाडी ऐकली, मी सांगितलं ते ऐकलं, आणि प्लग बदलला. मी सांगितलं काय, तर "काही नाही, वडील चालवतात, मधेच बंद पडते म्हणतात." त्या 'म्हणतात'वर मी जरासं हसलोही होतो. तोही हसला. आबांच्या हातात गाडी चार दिवसांनी पुन्हा बंद पडली.

मग दाजींनी सूत्रं हातात घेतली. दाजी म्हणजे माझ्या बहिणीचे मालक. त्यांचं बारामतीत खतं-औषधांचं दुकान आहे आणि पिकावर कीड असो की घरात भांडण, त्यांच्याकडं फवारायला काहीतरी असतंच. त्यांच्या ओळखीच्या मिस्त्रीनं कॉइल बदलली. नंतर बॅटरी बदलली. नंतर कार्बोरेटर उघडून साफ केला. प्रत्येक वेळी जुना पार्ट वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हातात देताना तो असं तोंड करायचा की जणू गाठ काढून दाखवतोय. ज्याच्याकडं जो पार्ट होता त्याचाच रोग गाडीला निघत गेला, आणि दर वेळी बारामतीहून अंथुर्ण्यापर्यंत गाडी मी वाऱ्यासारखी आणली. एकदाही अडली नाही.

मला एव्हाना शास्त्रीय पद्धतीची खुमखुमी आली होती. मी एक वही केली. रविवारी गाडी घेऊन निघायचो, इंदापूरपर्यंत जायचो, निमगाव केतकीचे सगळे गतिरोधक मुद्दाम जोरात घ्यायचो, लाइट लावून, लाइट बंद करून, टाकी भरून, टाकी रिझर्व्हवर आणून. वहीत तारीख, अंतर, वेग आणि शेवटचा रकाना 'बिघाड'. त्यात दर वेळी 'निरंक'. सहा रविवार झाल्यावर मी ती वही दाजींना दाखवली. दाजींनी चष्मा लावून ती पहिल्या पानापासून वाचली आणि हळू आवाजात म्हणाले, "म्हणजे गाडीत काही नाही."

"नाही."

"मग जिथं आहे, तिथं बघायला पाहिजे."

आम्ही दोघांनी ओट्यावर बसलेल्या आबांकडं बघितलं. त्यांनी तंबाखू मळता मळता आमच्याकडं बघितलं आणि ते समजले.

त्यानंतर आबांवर पाळत सुरू झाली. माझा चष्मा कुठं ठेवला, असं आबांनी विचारलं की दाजी माझ्याकडं बघायचे. नातीला दुसऱ्या नातीच्या नावानं हाक मारली की मी दाजींकडं बघायचो, जसं काय आम्ही दोघं रोज आपापल्या पोरांना पहिल्या झटक्यात बरोबर नावानं हाका मारतो. शेवटी 'रुटीन तपासणी' म्हणून आम्ही त्यांना बारामतीला डॉक्टरकडं नेलं. डॉक्टर तरुण होता, बहुतेक शहरातून आलेला. त्यानं विचारलं, "आजोबा, आज वार कोणता?"

आबा म्हणाले, "कालपत्तूर लाईट रातची व्हती, आज सकाळपास्नं दिवसाची आली. म्हंजे सोमवार."

डॉक्टरनं माझ्याकडं बघितलं. शेतीच्या विजेची पाळी सोमवारी बदलते हे त्याला काय माहीत. मी म्हणालो, "बरोबर आहे, सोमवारच." पण त्यानं कागदावर काहीतरी लिहिलंच. मग त्यानं शंभरातून सात वजा करत जायला सांगितलं. आबांनी विचारलं, "कशातनं? टनातनं का किलोतनं?" नंतर डॉक्टर आम्हाला म्हणाला, वयाच्या मानानं चांगलं आहे, थोडंफार होतं या वयात, आणि गोळ्या लिहून दिल्या. 'चांगलं आहे' हे आम्ही ऐकलं नाही. 'थोडंफार' तेवढं घरी घेऊन आलो.

पुढं जे झालं ते सांगायला मला आवडत नाही. शेळगावच्या अलीकडं, भर रस्त्यात, उसाच्या ट्रॅक्टरच्या पुढं आबांची गाडी बंद पडली. ट्रॅक्टरवाल्यानं ब्रेक मारला म्हणून वाचले. त्यानं खाली उतरून आबांना काय काय ऐकवलं ते लोकांनी मला नंतर सांगितलं. कोणीतरी आबांच्या फोनवरून मला फोन केला. मी तास अर्धा सोडून हायस्कुलातून निघालो. पोचलो तेव्हा आबा बाभळीखाली बसले होते, पाच-सहा माणसं उभी होती, गाडी स्टँडवर होती. मी आबांकडं चावी मागितली. त्यांनी खिशातून जुडगा काढला, सवयीनं कडी फाकवून चावी तेवढी सोडवली आणि दिली. मी किक मारली. गाडी पहिल्या किकेत सुरू झाली.

माणसांपैकी कोणीतरी हसलं. मी भेदरलेलो होतो आणि भेदरलेला माणूस ओरडतो. मी सगळ्यांच्या देखत म्हणालो, "आबा, खरं सांगा, कॉक उघडला होता का?"

पहिल्या वेळी त्यांनी रागानं बघितलं होतं. या वेळी ते खाली वाकले आणि कॉककडं बघायला लागले. बराच वेळ बघत राहिले. "उघडला असंल," ते म्हणाले. "मला वाटतंय उघडला असंल."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा पीत होतो तेव्हा त्यांनी अख्खा जुडगा आणून माझ्यासमोर ठेवला. घंटीसकट. "हे घे," म्हणाले. "मोटर बी तूच चालू करत जा. माझं काय खरं न्हाय आता." मी वर बघितलं नाही. घरातल्या सगळ्यांना हायसं वाटलं, आणि खोटं कशाला सांगू, सगळ्यात जास्त मला वाटलं. दाजींनी फोनवर माझं अभिनंदन केलं. आबांनी स्वतःच समजून घेतलं हे किती बरं झालं, असं आम्ही एकमेकांना म्हणालो.

त्यानंतरचे आबा मला ओळखू येईनात. सकाळी आंघोळ करून, सदरा घालून ते गेटजवळ उभे राहायचे, रस्त्यानं कोणी गावाकडं निघालं तर त्याच्या मागं बसायला. कोणी नाही भेटलं की अर्ध्या तासानं परत ओट्यावर. गॅस बंद केला का, हे आईला दहादा विचारायचे. आपण गोळी घेतली का, हेही तिलाच विचारायचे. पाण्याचा हंडा भरला की नळापाशी जाऊन तोटी फिरवून बघायचे, परत यायचे, पुन्हा जायचे. आम्ही एकमेकांना खुणा केल्या. बघ, वाढतंय. ते वाढत नव्हतं. आम्ही त्यांना सांगितलं होतं की तुमच्यावर विश्वास ठेवता येत नाही, आणि त्यांनी आमचं ऐकलं होतं. त्यांना कुणाचं ऐकायची सवय नव्हती, तरी ऐकलं.

एकदा आई भाकरी थापता थापता मला म्हणाली, "तुमी त्येन्ला बसवून ठेवलंया. आता खूस हाय का समदी?" मी म्हणालो, "आई, त्यांच्या जिवाची काळजी आहे." ती म्हणाली, "व्हय. जीवच तेवढा राहिलाय."

महिना-सव्वा महिना असा गेला. एका रविवारी माझी गाडी बायको माहेरी घेऊन गेली होती आणि विहिरीवरची मोटर चालू करायची होती. मी आबांची गाडी काढली. मोटरीच्या खोलीची आणि स्टार्टरच्या पेटीची किल्ली लागणार, म्हणून जुडगा होता तसाच लावला. कॅनॉलच्या कडेनं गाडीवाट आहे, खाचखळग्यांची. घंटी वाजत होती. मी तिला शिव्या देत होतो. तिसऱ्या खळग्यात गाडी गप झाली.

धक्का नाही, आचका नाही. कोणीतरी चावी फिरवावी तशी.

मी पहिल्यांदा काय केलं असेल? खाली वाकून कॉक बघितला. उघडा होता. मग आजूबाजूला कोणी बघतंय का ते बघितलं. कोणी नव्हतं, पलीकडच्या उसात दोन बगळे होते. मी किक मारली. पाच मारल्या, दहा मारल्या. मग माझ्या मनात आलं ते असं, की सकाळी आपण नक्की काय काय केलं? कॉक उघडताना आठवतोय का? आठवेना. माझं वय बेचाळीस आहे. त्या दोन मिनिटांत माझं वय किती झालं ते मला सांगता येणार नाही.

गाडी न्यूट्रलमध्ये होती आणि हिरवा दिवा लागलेला नव्हता.

मी चावीला हात लावला. नीट सांगायचं तर, जुडगा मध्ये येत होता म्हणून तो तळहातावर उचलून धरला. हिरवा दिवा लागला. मी जुडगा सोडला. दिवा गेला. उचलला, लागला. सोडला, गेला. मी हे आठ-दहा वेळा केलं असेल. मग तिथंच कॅनॉलच्या भरावावर बसलो.

चावी लावतो त्या लॉकच्या आत पितळेच्या दोन पट्ट्या असतात. पंचवीस वर्षं त्यांच्यावर ते पावशेराचं ओझं लोंबकळलं होतं. पट्ट्या झिजल्या होत्या, आणि खड्ड्यात जुडग्यानं हिसका दिला की त्या सुटायच्या. आबा चावी काढून बाभळीखाली बसायचे, पुन्हा लावली की पट्ट्या जागेवर. आणि मी, मिस्त्री, दाजी, आम्ही सगळे गाडी चालवायचो ती नुसत्या एका चावीवर. सोडवून दिलेल्या. प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलायची असते, हे वाक्य मी दर जूनमध्ये फळ्यावर लिहून त्याखाली दोन रेघा ओढतो. माझ्या वहीत सहा रविवार माणूसही बदललेला होता आणि जुडगाही. मी दोष मात्र माणसाच्या नावावर लिहिला, कारण तो म्हातारा होता.

मला रडू आलं. रागही आला, पण राग कुणावर धरायचा तर माझ्याशिवाय तिथं फक्त बगळे होते.

चावी तेवढी सोडवून लावली, जुडगा खिशात टाकला आणि तसाच इंदापूरला गेलो, त्या पहिल्या मिस्त्रीकडं. रस्ताभर मनात एक विचार आलाच, लपवत नाही. लॉक गुपचूप बदलून घ्यावं. घरी काही बोलू नये. आबांनी गाडी सोडलीच आहे, वयही झालंच आहे, उगाच सगळं उकरून कशाला काढायचं. हा विचार मला शेळगावपासून निमगावपर्यंत पुरला.

मिस्त्रीनं जुडगा हातात तोलला आणि शिट्टी वाजवली. "मास्तर, हे कधी आनलंच न्हाय तुमी."

"घरच्या किल्ल्या आहेत. वडील सोडवून देतात चावी."

"आन बंद पडती तवा काय काय व्हतं, हे कुनी सांगितलं व्हतं तुमाला?"

"वडिलांनी. हिरवा दिवा पण जातो म्हणाले होते."

त्यानं हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. "दिवा जातो म्हनले व्हते? आन तुमी मला प्लग बदलायला लावला?" मग त्यानं विचारलं, "गाडी चालवनारं मानूस ते. त्येन्लाच का नाय आनलं हितं एकदा?"

मी म्हणालो, ते फार लांबण लावतात. हे बोलताना मला माझाच आवाज ऐकू आला. मिस्त्रीनं नवं लॉक बसवलं, अर्ध्या तासाचं काम, आणि जुनं लॉक कागदात गुंडाळून दिलं.

घरी आलो तेव्हा दाजी आणि बहीण आलेले होते. मी जुनं लॉक ओट्यावर, आबांच्या समोर ठेवलं आणि सगळं सांगितलं. कॅनॉल, खळगा, दिवा, जुडगा. ट्रॉलीपासून सांगावं तसं सांगितलं. दाजी मान हलवत म्हणाले, "मला पहिल्यापासून वाटत होतं, इलेक्ट्रिकलच असणार." माझ्या बहिणीनं त्यांच्याकडं असं बघितलं की ते चुळबुळत आत पाणी प्यायला गेले.

मी म्हणालो, "आबा, चूक तुमची नव्हती. एकदाही नव्हती. माझी होती."

मला वाटलं होतं ते चिडतील. मी त्यांच्या शिव्यांची तयारी करून आलो होतो, मला त्या हव्याच होत्या. आबांनी लॉक उचललं, त्याच्या आतल्या पट्ट्या डोळ्यांजवळ नेऊन बघितल्या, बोटानं चाचपल्या. आईनं पदर डोळ्याला लावला आणि मला म्हणाली, "आता सांग की त्या डाक्टरला." आबा तिला म्हणाले, "गप गं." मग मला विचारलं, "पार झिजल्यात न्हवं?" मी म्हणालो, "पार."

"मग बरं," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडी पुसून दारात लावली. नवी चावी वेगळी, जुडगा वेगळा. आबांनी सदरा घातला, जुडगा खिशात टाकला, चावी लावली, किक मारली. पहिल्या किकेत सुरू. आई दारात उभी होती. मी किटली हुकाला अडकवायला पुढं झालो, पण आबा गिअर टाकेनात. दोन्ही मुठी धरून नुसते बसून राहिले. मग मागं न बघता म्हणाले, "तू बस मागं."

"कशाला आबा? आता नाही बंद पडत."

"न्हाय पडली तर चांगलंच हाय. पन पडली, तर कुनीतरी बघितलेलं असावं."

मी मागं बसलो. गाडी अडीच किलोमीटर नीट गेली. डेअरीवर दूध घातलं, टपरीवर चहा झाला. तिथं आबांच्या नव्या लॉकवर चर्चा झाली, आणि आपल्याला आधीच कळलं होतं असं चौघांनी सांगितलं. निघताना मी म्हणालो, "आबा, तुम्ही व्हा पुढं, मी चालत येतो." आबांनी रस्त्याकडं बघितलं, गाडीकडं बघितलं. "आज नगं," म्हणाले. "बस. उद्या बघू."

त्याला आता चार महिने झाले. गाडी धड चालते. मी हायस्कुलात रोज पहिल्या तासाला उशिरा पोचतो, कारण सकाळी दुधाची किटली मांडीवर घेऊन मला आबांच्या मागं बसावं लागतं. त्यांनी मला कधी चुकीचं ठरवलं नाही, टोमणा मारला नाही. फक्त एकटे अजून निघालेले नाहीत.